दऱ्या की दर्या?

माझ्या कवितांचा एकत्रित संग्रह काढायला एक प्रकाशक तयार झाले, तेव्हा त्यांनी अट एकच घातली : मजकूर युनिकोडमध्ये हवा. मी निर्धास्त होतो. १९९८ ते २००६ या काळातल्या कविता चिपळुणात एका डीटीपीवाल्याकडून टंकून घेतल्या होत्या. वह्या आणि पेनाने दुरुस्त केलेल्या प्रती २२ जुलै २०२१ च्या पुरात गेल्या. पण एक सीडी पुण्याला मुलाकडे होती.

मुलाने फाइल उघडली. पडद्यावर कविता नव्हत्याच. इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे यांचा नुसता चिवडा.

त्या काळातल्या बहुतेक मराठी फाँटांत संगणकाला मराठी ठाऊकच नसे. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असायचा. फाँट आहे तोवर 'क' दिसायचा. फाँट नसला की खालचे इंग्रजी उघडे पडायचे. त्यातून प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी! युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. 'क'चा २३२५. मग फाँट कुठलाही असो.

मुलाने रूपांतर करणारा प्रोग्रॅम शोधला. पण नुसत्या अदलाबदलीने भागत नाही. पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत, दिसते तशी, अक्षराच्या आधी टंकत. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचे उलट. डोक्यावर शेवटी काढायचा तो रफार आता आधी साठवायचा. ही उचलठेव करताना प्रोग्रॅम कुठेतरी अडखळतोच. माझा 'सूर्य' 'र्सूय' होऊन उगवला. अशा चुकांची मला धास्ती नव्हती. त्या डोळ्याला टोचतात. चार रात्री बसून काढल्या.

न टोचणारी चूक पुढे भेटली. आमच्या डीटीपीवाल्याला 'ऱ्य'ची कळ सापडत नसे की कंटाळा होता, अल्ला जाणे. त्याने सगळीकडे सरळ रफार दिला होता. छापील प्रतीवर मी पेनाने दुरुस्त करी, फाइल तशीच राही. 'वार्यावर' दिसले की कळते, हा 'वाऱ्यावर'. वृत्तातल्या कवितेत मात्राही चुगली करतात. पण एका मुक्तछंदातल्या कवितेची शेवटची ओळ होती, 'पाऊस, दर्या आणि मी'.

दर्या की दऱ्या? समुद्र की घाटातल्या दऱ्या? दोन्ही शब्द शुद्ध, दोन्हींना अर्थ. ओळीत क्रियापद नाही, त्यामुळे लिंग-वचनही मदतीला येईना. ही कविता अब्बांवरची. अब्बा जहाजावर खलाशी होते. म्हणजे दर्या हवा. पण ती सुचली होती कुंभार्ली घाटातून एसटीने कराडला जाताना, म्हणजे दऱ्या. तुम्ही म्हणाल, कवी तुम्हीच, आठवत नाही? खरे सांगतो, नाही आठवले. उलट रोज वाचून वाचून मला 'दर्या'च आवडू लागला होता. तो अधिक काव्यमय वाटायचा, आणि तिथेच मला संशय आला.

मग आपाची आठवण झाली. १९९९ साली मी रत्नागिरी आकाशवाणीवर कविता वाचल्या होत्या, तेव्हा दापोलीला तिने रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्या कॅसेटवर घेतल्या होत्या. दापोलीला गेलो. कॅसेट होती, टेपरेकॉर्डर शेजारून आणावा लागला. आधी खरखर, मागे आपाच्या कोंबड्या, मग एका तरुण माणसाचा जरा जास्तच गंभीर आवाज. 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही. कागदावर फरक एका रेघेचा. कानाला तो लपत नाही.

दऱ्याच होत्या. आपा म्हणाली, "मला विचारायचंस की. अब्बा गेल्यावर तू घाटावरच नोकरी शोधत होतास."

त्या रात्री फाइल उघडली. तळाला टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. टिंब नाहीसे झाले आणि ती आडवी रेघ उमटली. कॅसेटवर नसलेल्या कवितांतले असे दोन शब्द अजून अडलेले आहेत. प्रकाशकांकडून मी महिनाभर मागून घेतला आहे.