सुट्टीनंतरची पहिली पाळी

आज कोडिंग नाही, हवा.

माझे बाबा सूतगिरणीत, कार्डिंग खात्यात. तिथे कापूस विंचरतात, तंतू हवेत तरंगत असतात. खिडक्या बंद, कारण हवा कोरडी पडली की सूत तुटतं. सुतासाठी दमट हवा सांभाळतात बरं का!

साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीवरून आले की बाबांची छाती आवळून यायची. पुढच्या दिवसांत कमी. आम्ही हसायचो, ‘सुट्टीचा आळस!’ आता लाज वाटते.

मी बीटेकला असताना एका डॉक्टरांनी विचारलं, “त्रास कुठल्या वारी होतो?” तेव्हा नाव कळलं: बिसिनोसिस. कापसाच्या धुळीने श्वासनलिका आकसतात. सुरुवातीला धुळीपासून लांब गेलं तर माणूस सावरतो. वर्षानुवर्षं तिथेच राहिला तर फुफ्फुसं कायमची अधू होतात.

१९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हा आजार होता. निदान झालं की डॉक्टरांनी मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचं असायचं. बाबांच्या जुन्या फाईलमध्ये सगळीकडे नुसतं ‘दमा’ लिहिलंय. कोणी खातं विचारलंच नव्हतं!

तुमच्या घरी कोणी गिरणीत असेल, तर डॉक्टरांना खातं सांगा. आणि वारही.