किती टीएमसी ते कळलं, पण त्यात आहे काय?

आजचा भाग नगरकरांसाठी आहे, आणि दरवर्षी नगरकरांशी भांडणाऱ्यांसाठीसुद्धा. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय, तेवढं सांभाळून घ्या.

दसरा-दिवाळीच्या आसपास आपल्या ग्रुपवर एक बातमी हमखास फिरते: जायकवाडीला पाणी सोडणार का? 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं ते सूत्र आहे. 2023 मध्ये ती वेळ आली. मोर्चे झाले, रास्ता रोको झाला, कोर्टबाजी झाली. इकडचे म्हणतात आमचं पाणी, तिकडचे म्हणतात आमच्या हक्काचं पाणी. दोघंही बोलतात टीएमसीत. त्या पाण्यात काय विरघळलंय, हे विचारताना मी तरी कोणत्या पुढाऱ्याला ऐकलं नाही.

जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. प्रवरा निघते अकोल्यात, रतनगडाच्या बाजूला. संगमनेर ओलांडून, बागायती पट्ट्यातून वाहत ती नेवासा तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. नगरहून संभाजीनगरला जाताना आपण पूल ओलांडतो ना, तिथंच. पुढे लगेच नाथसागराचा फुगवटा लागतो. 76 टीएमसीच्या आसपास उपयुक्त साठा, 1986 पासून पक्षी अभयारण्य, आणि संभाजीनगरकरांच्या नळाला येणारं पाणी. म्हणजे भंडारदरा आणि मुळेच्या पाटांवरच्या शेतांतून जे धुऊन निघतं, ते शेवटी तिथं जाऊन साचतं.

शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांची मळी नदीत येते, हे खरंच आहे, आणि ते थांबलंच पाहिजे. पण त्याचा पाइप दिसतो, फोटो काढता येतो, नोटीस देता येते. शेतातून येणाऱ्या पाण्याला पाइपच नाही. म्हणून त्यावर रीलही होत नाही.

आमचं शेत नेवासा तालुक्यात, मुळेच्या उजव्या कालव्यावर. मुख्य पीक ऊस. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची आडसाली उसाची शिफारस आहे हेक्टरी 400 किलो नत्र. युरियात नत्र 46 टक्के, गोणी 45 किलोची. हिशेब केला तर एकरी जवळपास आठ गोण्या. आणि हे सगळं एकदम टाकायचं नसतं. लागणीला 10 टक्के, दीड-दोन महिन्यांनी 40, तीन-चार महिन्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40. कारण साधं आहे, पोरगं एका दिवसात महिन्याच्या भाकरी खात नाही.

मग बांधावर वेगळं का घडतं? आमच्या चुलत्यांना, नानांना, मी विचारलं, "नाना, एवढ्या गोण्या एकदम कशाला?" ते म्हणाले, "अरे, पाट आलाय. पुढचं आवर्तन कधी येईल कोणी सांगितलंय? पाणी आहे तोवर खत टाकून घ्यायचं." आता यात नानांना अडाणी म्हणायची माझी तयारी नाही. आवर्तनाची तारीख पक्की नसेल, तर माणूस असाच वागणार. वर मोकाट पाणी, सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुंबेस्तोवर. युरियातल्या नत्राचं काही दिवसांत नायट्रेट होतं, आणि नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवत नाहीत. पाणी जिकडे जाईल तिकडे ते जातं, खाली विहिरीत किंवा बाजूच्या ओढ्यात. स्फुरदाचं उलटं आहे. ते मातीला चिकटतं आणि पहिल्या मोठ्या पावसात गढूळ पाण्याबरोबर मातीसकट निघून जातं. साठलेल्या पाण्यात या दोन्हींवर शेवाळ आणि जलपर्णी माजते. ते कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडताना दिसतात.

नाथसागरात आणखी एक भानगड आहे, गाळपेर. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की शेवगाव, पैठणच्या बाजूला उघड्या पडलेल्या गाळावर पिकं घेतात. नियमाने ती जमीन आधी धरणग्रस्तांना द्यायची असते, आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांनी ती कसू नये, असं कोण म्हणेल? पण तिथं मारलेलं तणनाशक आणि टाकलेलं खत धुऊन जायला ओढासुद्धा लागत नाही. पाणी स्वतःच चालत येतं. तिथं खताचे आणि फवारणीचे नियम वेगळे आणि कडकच हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या विहिरीकडे येऊ. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट ही भारतीय मानकाची मर्यादा. त्याहून जास्त असेल तर सगळ्यात मोठा धोका बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना. रक्तातून प्राणवायू नीट पोचत नाही, अंग निळसर पडतं. आणि आई-आजी हमखास जे करतात, पाणी उकळून देतात, त्यानं नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून ते घट्ट होतं. साध्या फिल्टरनंही जात नाही, आरओनं बऱ्यापैकी कमी होतं.

याचीच दुसरी बाजू बघा. समजा, तुमच्या विहिरीत नेमकं 45 मिलिग्रॅम आहे. त्यातला नत्र होतो सुमारे 10 मिलिग्रॅम. उसाला त्या विहिरीचं एकूण 100 सेंटिमीटर पाणी दिलं, तर एकरी साधारण 40 किलो नत्र पाण्यातूनच गेलं. जवळजवळ दोन गोण्या युरिया! गेल्या हंगामात विकत घेतलेला, वाहून गेलेला, आणि आता मोटारीनं परत आलेला. नानांना पर्यावरणावर भाषण दिलं असतं तर ते उठून गोठ्यात गेले असते. हा हिशेब सांगितल्यावर मात्र म्हणाले, "आण बरं ते पाणी तपासून."

खत वाफशावर द्या आणि मातीआड करा. खोडव्याला पहारीनं भोक पाडून बुडाशी देण्याची पद्धत विद्यापीठानंच सांगितलीय. पाचट जाळू नका, ते माती धरून ठेवतं. ठिबक असेल तर उत्तमच. ओढ्याकडेच्या चार-पाच सऱ्या सोडून तिथं गवत वाढू द्या, जनावरांना चाराही होतो. आणि फवारणीचा पंप विहिरीवर धुणं आजपासून बंद.

हे एकट्यानं होत नाही, गावानं ठरवावं लागतं. आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. पोपटराव पवारांना 2020 चा पद्मश्री मिळाला, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या गावानं शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, ही खरी गोष्ट. तसल्या ताळेबंदात नायट्रेटचा एक रकाना वाढवायला काय जातंय?

जल जीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींना पाणी तपासायचं किट दिलंय, त्यात नायट्रेटची चाचणी असते. गावातल्या पाच बायकांना ते वापरायचं प्रशिक्षण द्यायचं, असंही त्यात आहे. तुमच्या गावातलं किट कुठल्या कपाटात आहे, ते ग्रामसेवकांना विचारा. एकदा आत्ता तपासा, एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर. आकडा आला की कळवा: गावाचं नाव, विहीर की बोअर, आणि शेजारी कोणतं पीक उभं आहे ते. नानांच्या विहिरीचा आकडा पुढच्या भागात सांगतो, बाटली कालच भरून ठेवलीय.