कूलर : पाणी, वारा आणि वीज

होळीची राख थंड होते न होते तोंच नागपुराकडील घराघरांतून पत्र्याचा खडखडाट ऐकूं येऊं लागतो. आठ महिने गच्चीवर अगर जिन्याखालीं पडून राहिलेला कूलर पुढें ओढला जातो, त्यांतील कोळ्यांचीं जाळीं झटकलीं जातात, आणि गेल्या वर्षींच्याच ताट्या यंदां चालतील कीं काय, ह्या प्रश्नावर पतिपत्नींचें एक लहानसें संभाषण घडतें. विदर्भाबाहेरील श्रोत्यांस ही लगबग कदाचित् अवास्तव वाटेल. परंतु ज्या शहरांत २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ अंशांवर गेला, तेथें कूलर ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. ती चुलीइतकीच नित्याची झालेली आहे.

कूलर दिसावयास नवा असला तरी त्याचें कुळ जुनें आहे. वीज घरांत येण्यापूर्वीं सुखवस्तु लोक दारांना व खिडक्यांना वाळ्याचे तट्टे बांधून त्यांवर पाणी शिंपडवीत असत. शिंपडणाऱ्या माणसाची जागा पंपानें घेतली आणि वाऱ्याची वाट पाहण्याचें काम पंख्यानें संपविलें, एवढाच फरक. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें त्याच कारणानें कूलरची हवा गार होते. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें. ही शोषण्याची शक्ति थोडीथोडकी नव्हे. तासाला पांच लिटर पाणी ताट्यांतून विरून गेलें तर एक टनाचें वातानुकूलन यंत्र जेवढी उष्णता बाहेर टाकतें, जवळजवळ तेवढीच ह्या पाण्याकडून हवेंतून काढून घेतली जाते. आणि पंखा व पंप मिळून वीज लागते ती साधारणतः दोनशें वॅटच्या आसपास.

मात्र ह्यास हवा कोरडी पाहिजे. नागपुरास मे महिन्याच्या दुपारीं तपमान ४४ अंश व आर्द्रता शेंकडा १५ असेल, तर चांगल्या कूलरमधून २७-२८ अंशांची हवा मिळूं शकते. मुंबईंत ३४ अंशांच्या दमट दुपारीं तोच कूलर जेमतेम चार-पांच अंश उतरवितो आणि त्या मोबदल्यांत खोलींत ओल भरतो. मुंबईकर पाहुण्यांनीं नागपुरच्या कूलरची स्तुति ऐकून तसाच एक विकत नेऊं नये, हें ओघानेंच आलें.

ओलीचा हा नियम न उमगल्यामुळें कोरड्या प्रदेशांतहि पुष्कळ घरीं कूलर फुकट चालतो. दारें-खिडक्या गच्च लावून कूलर सुरू केला, म्हणजे पहिली पंधरा मिनिटें आनंदांत जातात, आणि मग अंग चिकट होऊं लागतें. दोष कूलरचा नसतो; आंत आलेल्या ओल्या हवेस बाहेर जावयास वाट नसते, एवढेंच. समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवावी. कूलर स्वतः खिडकीच्या बाहेर, बाहेरची कोरडी हवा ओढील असा, आणि शक्य तर सावलींत असावा. खोलीच्या मध्यभागीं ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुन्हां पुन्हां ओढतो.

आतां तयारीविषयीं. चैत्रांतच हात घालावा. वैशाखांत मिस्त्रीहि मिळत नाहीं आणि मिळाला तर त्याचा भावहि ऐकवत नाहीं. रस्त्याच्या कडेला बसून ताट्या भरून देणाऱ्यांकडे तोंवर रांग लागलेली असते. गवत दाबून पाहावें. तें क्षारांनीं कडक झालें असेल तर बदलावें. विहिरीचें अगर बोअरचें जड पाणी उडून जातें, क्षार मात्र मागें राहतात. तेच क्षार ताटीच्या माथ्यावरील पन्हळीचीं भोंकें बुजवितात, आणि मग ताटीचा एक पट्टा कोरडा राहतो. त्या पट्ट्यांतून लू सरळ घरांत शिरते. हीं भोंकें बारीक तारेनें मोकळीं करणें हें दहा मिनिटांचें काम आहे, पण बहुतेक घरीं तें राहून जातें. टाकीच्या बुडास तांब चढली असेल तर ती खरवडून रंगाचा हात द्यावा. टाकीच्या भिंती ब्रशानें घांसाव्या, कारण डेंग्यूचा डांस आपलीं अंडीं पाण्याच्या कडेला भिंतीसच चिकटवितो, आणि तीं कोरडींहि महिनोन् महिने टिकतात. पुढें आठवड्यांतून एकदां टाकी पूर्ण रिकामी करून घांसावी.

एवढें सारें करणारा गृहस्थहि ज्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतो, ती म्हणजे वीज. पत्र्याची पेटी, तिच्यांत पाणी, पाण्यांत बुडालेला पंप, आणि पंपाची उन्हानें तडकलेली तार, असा हा संसार आहे. तारेचें आवरण कोठें तरी फाटलें कीं सारा पत्रा जिवंत होतो. दर उन्हाळ्यांत विदर्भांतील वर्तमानपत्रांतून कूलरचा धक्का लागून मृत्यु आल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत लहान मुलेंहि असतात. हें कां घडतें तें पाहावें. कूलर विकत आणतो घरचा कर्ता पुरुष. परंतु त्यांत दिवसांतून दोनदां पाणी भरते गृहिणी अगर एखादा शाळकरी मुलगा. पाय अनवाणी, फरशी सांडलेल्या पाण्यानें ओली, एका हातांत नळी, आणि दुसरा हात तोल सांवरण्यासाठीं पत्र्यावर. पंखा बंद केला तर अंगाची काहिली होते, म्हणून तो चालूच असतो.

ह्यावर उपाय आहे, आणि तो महागहि नाहीं. पत्र्याच्या पेटीस जोडलेली तिसरी तार जमिनीपर्यंत पोंचली पाहिजे. दोष झाला तर वीज माणसाऐवजीं त्या तारेनें जाते व फ्यूज उडतो. दोन पिनांच्या प्लगावर कूलर कधींहि चालवूं नये. परंतु भिंतींत तीन भोंकें दिसलीं म्हणजे त्यांमागें तिसरी तार आहेच असें नव्हे. कित्येक जुन्या घरांत तिसरें भोंक केवळ शोभेचें असतें. तें वायरमनकडून तपासून घ्यावें, आणि त्याच फेरींत ३० मिलिॲम्पियरवर वीज तोडणारें आर. सी. सी. बी. बसवून घ्यावें. तारेस मध्येंच चिकटपट्टीचा जोड असेल तर तार अखंड नवी घालावी. आणि पाणी भरण्यापूर्वीं नुसतें बटण न दाबतां प्लग बाहेर काढावा. बटण चुकीच्या तारेवर बसविलेलें असेल तर तें बंद असतांहि पंपापर्यंत वीज असते. ही संवय प्रथम मुलांस लावावी. प्लग हाताशीं येईल अशा उंचीवर व कोरड्या जागीं असला तर ती लवकर लागते. कपाटामागें दडविलेला प्लग कोणीहि काढीत नाहीं.

मृगाच्या सरी आल्या कीं कूलरचें काम संपतें. त्या दिवशीं टाकी उपसावी, पंप काढून पुसावा, ताट्या उन्हांत वाळवाव्या, आणि तार गुंडाळतांना ती बोटांखालून एकदां सबंध फिरवून पाहावी. कोठें चीर लागली तर तेथें लाल दोरा बांधून ठेवावा, म्हणजे पुढल्या फाल्गुनांत ती शोधीत बसावें लागत नाहीं.