गाठ काढली, पण कड मोकळी आहे का?

मी चंदगडचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण मावशीच्या ऑपरेशनच्या रिपोर्टवर ‘मार्जिन निगेटिव्ह’ असं आलं आणि घरात रडारड सुरू झाली. निगेटिव्ह म्हणजे वाईटच, असं सगळ्यांना वाटलं. खरं तर ती चांगली बातमी होती! म्हणून आजचा विषय हाच.

रताळ्याला कीड दिसली की आपण नुसती कीड काढत नाही, भोवतीचा थोडा चांगला भागही कापतो. स्तन वाचवून कॅन्सरची गाठ काढताना सर्जनही तेच करतात. काढलेल्या तुकड्याची बाहेरची कड म्हणजे मार्जिन.

ती तपासतात कशी? वरची बाजू कुठली, बाहेरची कुठली हे कळावं म्हणून तुकड्याला टाके घालून खूण करतात. मग कडेला शाई लावतात, बऱ्याचदा प्रत्येक बाजूला वेगळा रंग. नंतर काप करून मायक्रोस्कोपखाली बघतात. शाईवर कॅन्सरची पेशी नसेल तर कड मोकळी. आजूबाजूला पसरू लागलेल्या कॅन्सरसाठी एवढं पुरतं, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी 2014 मध्ये ठरवलं. कॅन्सर दूधनलिकेच्या आतच असेल, तर 2 मिलिमीटर अंतर बघतात.

अडचण अशी, की पक्का रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. कड मोकळी नसेल तर बहुतेकदा पुन्हा ऑपरेशन. पुन्हा भूल, पुन्हा खर्च, पुन्हा बेळगाव किंवा कोल्हापूर. शेतावर रोजानं जाणाऱ्या बाईला हे किती जड जातं, बघा.

हे टाळायला काही उपाय आहेत. ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासणं, म्हणजे फ्रोझन सेक्शन. चरबी नीट गोठत नाही, त्यामुळं हे काम अवघड, अनुभवी पॅथॉलॉजिस्ट लागतो. दुसरा, काढलेल्या तुकड्याचा एक्स-रे. तिसरा, गाठ काढल्यावर पोकळीच्या भिंतींचा आणखी पातळ थर काढणं. अमेरिकेत येल विद्यापीठानं 235 रुग्णांवर याची चाचणी केली, निकाल 2015 मध्ये आला. जादा थर काढलेल्यांत दुसरं ऑपरेशन 10 टक्क्यांना लागलं, न काढलेल्यांत 21 टक्क्यांना.

मावशी म्हणायची, “एवढी भानगड कशाला? सगळंच काढा की!” यावर मोठा अभ्यास झालाय. अमेरिकेत 1976 मध्ये सुरू झालेल्या चाचणीत 1,851 बायकांची वीस वर्षं नोंद ठेवली. पूर्ण स्तन काढलेल्या आणि वाचवलेल्या बायकांच्या आयुष्यमानात फरक दिसला नाही. पण एक अट महत्त्वाची, रेडिएशन. ते घेतलेल्यांत त्याच स्तनात गाठ परत आली सुमारे 14 टक्क्यांना, न घेतलेल्यांत 39 टक्क्यांना. आता बऱ्याच ठिकाणी रेडिएशन तीन आठवड्यांत होतं, पण जवळजवळ रोज जावं लागतं. तेवढं जमणारच नसेल किंवा गाठी अनेक ठिकाणी असतील, तर पूर्ण स्तन काढणंही योग्य ठरू शकतं. निर्णय त्या बाईचा, पण माहिती घेऊन.

म्हणून ऑपरेशनआधी तीन प्रश्न विचारा. माझा स्तन वाचू शकतो का? कड ऑपरेशन चालू असतानाच तपासणार का? रेडिएशन कुठं आणि किती दिवस?

हा भाग आई, काकू, आत्या, सगळ्यांना ऐकवा. गाठ लागली तर लाजून घरात बसू नका. भेटू पुढच्या भागात!