तज्ज्ञाकडे पाठवितांना

"आतां एकदां हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा," असें घरच्या डॉक्टरांनीं म्हटलें, कीं कुटुंबांतील मंडळी धावपळीला लागतात. तज्ज्ञांची वेळ मिळविणें, पैशांची तजवीज करणें, सोबतीला कोणीं जावयाचें तें ठरविणें, हें सारें होतें. परंतु एका डॉक्टरानें दुसऱ्यास काय कळविलें आणि रोग्यास काय सांगितलें, ह्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ह्या दोन सांगण्यांविषयींच आज मला बोलावयाचें आहे. तीं नीट करणें ही एक विद्या आहे, आणि ती शिकवावी लागते.

प्रथम चिठ्ठीचा विचार करूं. "छातींत दुखतें, कृपया तपासावें," एवढ्या मजकुरावरून तज्ज्ञास फारसा बोध होत नाहीं. दुखणें जिना चढतांना येतें कीं जेवणानंतर? मधुमेह आहे काय? हृदयाचा आलेख केव्हां काढला? हें न कळल्यामुळें त्याच तपासण्या पुन्हां होतात आणि दिवस मोडतात. कधीं हानि याहून मोठी असते. रोगी रक्त पातळ ठेवणारें वॉरफॅरिन घेत आहे, ही एक ओळ राहून गेली, तर दांत काढल्यावर रक्तस्राव आवरणें कठीण होऊं शकतें. पेनिसिलिन सोसत नाहीं, हें लिहावयाचें राहिलें, तर प्रसंगीं प्राणावर बेततें. म्हणून चिठ्ठीच्या आरंभीं स्पष्ट प्रश्न असावा : "हें दुखणें हृदयाचें आहे काय?" त्यापुढें थोडक्यांत हकीकत, चालू औषधें, न सोसणारीं औषधें, झालेल्या तपासण्या आणि निकड किती, हें यावें.

दुसरें सांगणें रोग्याशीं. डॉक्टर कांहीं न बोलतां कागद हातीं देतात, तेव्हां रोगी त्या मौनाचा अर्थ आपल्या मनानेंच लावतो. एकाला वाटतें, विशेष कांहीं नसेल. आणि कागद खिशांतच राहतो. दुसऱ्याला वाटतें, आतां आटोपलें. आणि त्याची झोप उडते. तिसऱ्याला वाटतें, इतक्या वर्षांच्या डॉक्टरांनीं आपल्याला टाकलें. "मला अमुक शंका आहे, ती खरी ठरेलच असें नाहीं, ती फेडण्याचीं साधनें त्यांच्यापाशीं आहेत, ह्याच आठवड्यांत जा आणि नंतर मला भेटा." एवढें बोलावयास एक मिनिटहि लागत नाहीं. वर, "घरीं गेल्यावर ह्यांतलें काय सांगाल?" असें रोग्यालाच विचारावें, म्हणजे त्याला किती उमजलें तें कळतें.

हें कौशल्य नुसत्या व्याख्यानानें येत नाहीं. लॉस एंजेलिस येथें हॉवर्ड बॅरोज ह्या मज्जाविकारतज्ज्ञानें १९६३ सालीं निरोगी व्यक्तीला रोग्याची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. डंडी येथील रोनाल्ड हार्डन ह्यांनीं १९७५ सालीं, विद्यार्थ्यानें एकामागून एक मेजांपाशीं जाऊन ठराविक वेळांत काम करून दाखवावयाचें, अशी परीक्षापद्धति मांडली. भारतांत २०१९ पासून एम. बी. बी. एस.च्या अभ्यासक्रमांत वृत्ति, नीति आणि संवाद ह्यांचें शिक्षण समाविष्ट झालें आहे. आतां सराव हवा. विद्यार्थ्यानें दहा मिनिटांत चिठ्ठी लिहावी; तज्ज्ञानें ती वाचून तींतील उणिवा दाखवाव्या; मग भूमिका करणाऱ्या रोग्यास विद्यार्थ्यानें सर्व समजावून सांगावें, आणि त्या रोग्यानें आपल्याला काय कळलें तें बोलून दाखवावें.

तज्ज्ञांवरहि तेवढीच जबाबदारी आहे. निदान काय, कोणतें औषध बदललें आणि पुढची देखरेख कोणाकडे, हें त्यांच्या उत्तरांत नसेल, तर रोगी दोन डॉक्टरांच्या मध्यें निराधार होतो.

आणि, श्रोतेहो, तुमच्या हातीं चिठ्ठी येईल तेव्हां संकोच न करतां विचारा : मला कशासाठीं पाठवितां? किती दिवसांत जाऊं? नंतर कोणाकडे येऊं? ह्यांत डॉक्टरांवर अविश्वास मुळींच नाहीं. हें विचारण्याचा तुम्हांला अधिकार आहे, आणि चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात.