उष्ण देशांतील नाताळ
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



माझ्या लहानपणीं वसईस आमच्या घरीं नाताळचा गोठा मांडीत, तेव्हां त्याच्या छपरावर पिंजलेला कापूस पसरीत. तें बर्फ होय, असें वडील सांगत. वाडींत केळीचे लोंगर लटकलेले, दुपारचें ऊन अंगांतला सदरा काढावयास लावणारें. तरी गोठ्यावर बर्फ पडलेंच पाहिजे! हा शृंगार यूरोपांतील चित्रांतून आला. ऑस्ट्रेलियांत तर हा सण ऐन उन्हाळ्यांत येतो, म्हणून तेथील नाताळ कांहीं उणा ठरत नाहीं.

फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. सन १५७९ च्या २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले आणि १० नोव्हेंबरला त्यांनीं आपल्या वडिलांना पत्र लिहिलें. पुढें दीड महिन्यानें ह्या उष्ण भूमींतील त्यांचा पहिला नाताळ आला; आप्तजन समुद्रापलीकडे राहिले होते. १६१६ सालीं रायतूर येथें ज्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ छापलें गेलें, तेच हे. १६१९ मध्यें ते गोव्यांतच वारले.

परंतु ते आपण होऊन आले होते. आपल्या साखरशेतच्या बाजूचीं कुटुंबें जव्हारचा डोंगर उतरून दक्षिणेस भिवंडी-वसईच्या उष्ण सखल प्रदेशांत जातात, तीं उचलीपायीं. येथें पावसाचें एकच पीक. भात, नागली, वरई घरांत आली कीं हाताला काम नाहीं. दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीसाठीं उचल घ्यावयाची आणि नवराबायकोनें लेंकरांसह निघावयाचें. म्हातारीं माणसें थंडींत मागें राहतात.

कांहीं वर्षांपूर्वीं एका आजीनें मला विचारलें, “फादर, मध्यरात्रीच्या मिस्सेला मी कोणाबरोबर बसूं?” मला उत्तर सुचलें नाहीं. पुढच्या नाताळांत मीं तिला जीपमध्यें बसवून भट्टीवर नेलें. पेंढ्याची झोपडी, बाहेर कच्च्या विटांच्या रांगा. नातवानें गाऱ्याचीं मेंढरें, गाऱ्याचा योसेफ, गाऱ्याची मरिया करून विटांच्या आडोशाला गोठा मांडला होता. मेंढरें योसेफाहून मोठीं झालीं होतीं! छपरावर कापूस नव्हता. आजीनें नागलीच्या पिठाचें गाठोडें सोडलें, सुनेला चुलीपासून उठविलें आणि स्वतः भाकऱ्या थापावयास बसली. मिस्सा आम्हीं रात्रीं नऊलाच आटोपली, कारण पहाटे तीनला पुन्हां साचे हातीं घ्यावयाचे होते. सणाची सुटी मालकानें दिली नव्हती. ह्या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि तो मीं पापनिवेदनांत सांगितलेला नाहीं.

यंदां ज्यांच्या दारीं वाहन असेल, त्यांनीं २४ डिसेंबरच्या संध्याकाळीं एक जागा मोकळी ठेवावी. मागें राहिलेल्या वृद्धांचीं नांवें मीं वहींत उतरून ठेवलीं आहेत. सभा संपल्यावर ती वही दारापाशीं सांपडेल. निघतांना बरोबर पीठ द्यावयास विसरूं नये.