हट्टी नखे आणि लेसरचा किरण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आरोग्याचा विषय घ्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, पायाच्या नखांवर बोलते. त्या हसल्या. पण हळदीकुंकवाला बसताना पायाचा अंगठा साडीच्या काठाखाली ओढून घेणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत! नख पिवळे, जाड, कडेने भुगा होणारे. मलमांच्या नळ्या संपतात, नख तसेच. मग कोणीतरी सांगते, "अहो, लेसर करून घ्या, चार बैठकांत काम होते." त्वचारोगाची डॉक्टर म्हणून या सल्ल्याविषयीच मला बोलायचे आहे.

लेसर ही जादू नव्हे, तो प्रकाशच आहे. अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला आणि थोड्याच वर्षांत सिनसिनाटीचे डॉ. लिऑन गोल्डमन यांनी तो त्वचेवर वापरून पाहिला. त्यामागचे सूत्र अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ मध्ये नीट मांडले. उन्हात काळे आणि पांढरे कापड वाळत घाला, काळे अधिक तापते. त्वचेतही एका जातीचा प्रकाश रक्त शोषून घेते, दुसऱ्या जातीचा काळे रंगद्रव्य, तिसऱ्या जातीचा पाणी. नेमका तो किरण क्षणार्धापेक्षाही कमी वेळ सोडला, तर हवी ती वस्तू तापते आणि शेजारी आच पसरण्याआधी काम संपते.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: किरणाने जाळायचे आहे तरी काय?

तळपायाची चामखीळ घ्या. पुष्कळ जणी तिला कुरूप समजून कापत बसतात. वरची जाड कातडी खरवडल्यावर काळे ठिपके दिसले आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखले, तर ती बहुधा चामखीळ. ते ठिपके म्हणजे गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या. एक लेसर या रक्तवाहिन्याच बंद करतो, दुसरा पेशींतल्या पाण्याची वाफ करून चामखीळ उडवतो. तरीही आधी सॅलिसिलिक आम्लाचे औषध किंवा गोठवण्याचा उपाय करावा. लहान मुलांच्या चामखिळी तर पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातात.

नखाच्या बुरशीचे तसे नाही. तिथे बहुधा १०६४ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा किरण वापरतात. तो नखातून आरपार जाऊन आतला भाग तापवतो. पण बुरशी मरेल इतकी उष्णता आणि तुम्हाला सोसेल इतकी उष्णता यांत अंतर थोडे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये अशा यंत्राला संमती दिली, तीही 'नखाचा स्वच्छ भाग तात्पुरता वाढवण्यासाठी'. 'बुरशी बरी करण्यासाठी' असे त्यात नाही. जाहिरातीत हे शब्द कोण छापणार! पायाच्या नखांना टर्बिनाफिनच्या गोळ्या, रोज २५० मिलिग्रॅम, सुमारे बारा आठवडे, हाच उपाय अजून अधिक भरवशाचा आहे. यकृताचा त्रास, इतर औषधे, गरोदरपण किंवा अंगावरचे मूल असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. ज्यांना गोळ्या चालत नाहीत, त्यांनी लेसरचा विचार जरूर करावा. लावायच्या औषधाची जोड असली तर बरे.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. भिशीचे सगळे पैसे लेसरच्या बैठकांत गेले होते. नख मात्र खरवडून कोणी तपासलेच नव्हते. मी पाहिले तो हाताच्या नखांवर अंगुस्तानासारखे बारीक खळगे आणि कानामागे पांढरी खपली. तो सोरायसिस होता; बुरशी नव्हतीच. बिघडलेल्या नखांपैकी जवळजवळ निम्मीच बुरशीची असतात. नखाच्या चुऱ्यावर पोटॅशचे द्रावण टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही साधी तपासणी आहे. तेवढी झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

सदा ओल्या हातांनी नखांच्या मुळाशी येणारी सूज किरणाने जात नाही; हात कोरडे ठेवल्याने जाते. चेहऱ्यावरच्या वांगाला तर फार जपून. आपल्या सावळ्या त्वचेतले रंगद्रव्यच प्रकाश शोषते आणि डाग अधिक काळा होऊ शकतो. आणि एकाच नखात नवी काळी रेघ उमटून रुंद होत असेल, तर तिच्यावर लेसर मुळीच मारून घेऊ नका, आधी त्वचातज्ज्ञांना दाखवा. क्वचित तो कर्करोग असतो.

घरातली नखे कापायची कातरी सगळ्यांची एकच असते. बुरशी असणाऱ्याची वेगळी ठेवा. बोटांमधल्या चिखल्यांवरही औषध घ्या, नाहीतर तिथूनच बुरशी पुन्हा नखात शिरते. पावसाळ्यात ओले बूट तसेच चढवू नका.

आणि आरशात रोज पाहून निराश होऊ नका. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. यंदाच्या संक्रांतीला औषध सुरू केलेत, तर अंगठ्याचे पुरते नवे नख कदाचित पुढच्या वर्षीच्या नागपंचमीला दिसेल. तपासणीला येताना मात्र नखावरचा रंग आदल्या दिवशीच पुसून या.